मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास कोलकात्यात कसा रुजला

कोलकाता : एस्प्लनेडच्या दक्षिणेला आज मैदान आणि फोर्ट विल्यम आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे गोविंदपूर हे गाव होते. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा धास्तावलेल्या रहिवाशांनी उत्तरेकडील सुतानुटीपासून गोविंदपूरपर्यंत वस्तीभोवती खंदक खणण्यास घेतला. सुमारे तीन मैल खोदाई होऊन काम थांबले; फौजा शहरापर्यंत आल्याच नाहीत. १७९९ मध्ये खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. ‘मराठा डिच लेन’ ही बागबाजारातील गल्ली मात्र अजून नाव टिकवून आहे.

मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील पायाभूत विद्यापीठीय संशोधन पुढे याच शहरात उभे राहिले. सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठाने १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापन स्वतःकडे घेतले. तेथे शिकवणाऱ्या सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठी आत्मसात करून सभासद बखरीचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९२० मध्ये विद्यापीठानेच प्रसिद्ध केले. १९२३ मध्ये मराठ्यांच्या प्रशासनावरील आणि १९२८ मध्ये लष्करी व्यवस्थेवरील त्यांचे ग्रंथ निघाले. गोव्यातील पोर्तुगीज दप्तरांकडेही ते वळले. शिवाजी महाराजांची परकीयांनी लिहिलेली चरित्रे त्यांनी १९२७ मध्ये संपादित केली. त्यांत १७३० साली लिस्बनला छापलेले कॉस्मे द गार्दा याचे चरित्र आहे.

सेन यांना इतक्या भाषांच्या मागे का लागावे लागले, याचे उत्तर बंगालवरील स्वाऱ्यांच्या साधनांतच मिळते. गावांची जाळपोळ आणि लोकांची परागंदा अवस्था गंगाराम या समकालीन कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात वर्णिली आहे. नवाब अलिवर्दी खान यांच्या दरबाराची बाजू गुलाम हुसेन यांच्या ‘सियर-उल-मुताखरीन’ या फारसी ग्रंथात सापडते. कंपनीच्या व्यापाऱ्यांची चिंता फोर्ट विल्यमच्या इंग्रजी पत्रव्यवहारात आहे, तर भोसल्यांचे हेतू आणि हिशेब मोडी कागदांत. १७४४ मध्ये भेटीला बोलावून भास्करपंत कोल्हटकर यांची हत्या झाली. १७५१ च्या तहाने ओडिशाचा महसूल आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई मराठ्यांना मिळाली. हा कर होता, खंडणी होती की लुटीला दिलेले कायदेशीर नाव? एकाच भाषेतील साधने वाचणाऱ्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ‘बर्गी’ हा बंगालीत भीतीशी जोडला गेलेला शब्दही मूळचा ‘बारगीर’, म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा साधा स्वार.

जदुनाथ सरकार यांनीही फारसीच्या बरोबरीने मराठी साधने अभ्यासली. त्यांचा शिवाजी महाराजांवरील ग्रंथ १९१९ चा. त्यातील निष्कर्षांवर पुण्याच्या अभ्यासकांनी कडाडून टीका केली, आणि त्यांपैकी काही आक्षेप रास्तही होते. तरीही रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह आयुष्यभर टिकला. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार दोघांच्या देखरेखीखाली संपादित झाला. सरकार १९२६ ते १९२८ या काळात कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते.

त्या काळी संशोधकांच्या हाताशी असलेले इंपीरियल ग्रंथालय १९२३ मध्ये मेटकाफ हॉलमधून एस्प्लनेडवरील सरकारी सचिवालयाच्या इमारतीत आले. स्वातंत्र्यानंतर त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय झाले व ते बेल्व्हेडिअर येथे हलले. सरकार यांचा संग्रह आता तेथेच आहे.

मध्ययुगीन किंवा आरंभिक आधुनिक, म्हणजे ढोबळमानाने १५०० ते १८०० या काळाच्या, इतिहासात एम. ए. करू पाहणाऱ्यांसमोरची अडचण आजही भाषेचीच आहे. दोन वर्षांत फारसी वाचण्याइतकी येणे कठीण. मोडी त्या मानाने लवकर साधते. महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय तिचे प्रशिक्षण वर्ग घेते. मात्र अक्षर लागले म्हणजे मजकूर लागला असे नव्हे. जुन्या दप्तरांतील संक्षेप, सुहूर सन आणि फारसी संज्ञा उलगडण्यास आणखी काळ लागतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कोट्यवधी कागद आहेत. त्यांतील छापून आलेला भाग थोडाच असल्याने मोडी न येणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वीच्या संपादकांनी निवडलेल्या कागदांवरच प्रबंध लिहावा लागतो.