विश्लेषण : ग्रीक जहाजांना कल्याण बंदर का बंद झाले?

उरणच्या द्रोणागिरी डोंगराजवळ एकीकडे जेएनपीए बंदराच्या क्रेन आहेत, तर दुसरीकडे समुद्रात घारापुरी बेट. या बेटावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांच्या खापऱ्या मिळाल्या आहेत. कोकणच्या याच पट्ट्यात दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक व्यापारी येत. मात्र एका टप्प्यावर, कल्याणला लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात थेट भडोचला नेले जाऊ लागले. असे का घडले?

ही माहिती कोठून मिळते?

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथातून. तो लिहिणारा इजिप्तमध्ये राहणारा ग्रीक व्यापारी असावा, असे मानले जाते. तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे साधारण जुलैमध्ये निघत आणि मोसमी वाऱ्यावर भारतात पोहोचत. भडोच, सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे या ग्रंथात ग्रीक वळणाच्या नावांनी येतात.

‘कायदेशीर बाजारपेठ’ म्हणजे काय?

थोरल्या सारगानोसच्या काळात कल्याण ‘कायदेशीर एम्पोरियन’ झाले, असे हा ग्रंथ सांगतो. एम्पोरियन हा शब्द ग्रीकांच्या जुन्या व्यवहारातला. अथेन्स या नगरराज्याचे बंदर होते पिरियस. इ.स.पूर्व चौथ्या शतकात तेथील बाजारावर देखरेखीसाठी दहा अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले जात. समुद्रमार्गे आलेल्या धान्यापैकी दोन तृतीयांश धान्य शहरात आणणे व्यापाऱ्यांना बंधनकारक होते. व्यापारी खटल्यांसाठी स्वतंत्र तरतूद होती. थोडक्यात, परक्या व्यापाऱ्यावर बंधने असत. पण नियम ठाऊक असत आणि दादही मागता येई. पुढे नगरराज्यांचे स्वातंत्र्य गेले, इ.स.पूर्व ३० मध्ये इजिप्तही रोमच्या ताब्यात गेले. बंदराकडे पाहण्याची ही दृष्टी मात्र ग्रीक व्यापाऱ्यांत टिकली.

मग कल्याणचे काय बिनसले?

सत्ता बदलली. सारगानोस म्हणजे सातवाहन घराण्यातील सातकर्णी, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे कल्याण ‘संदनेस’ नावाच्या सत्ताधीशाकडे गेले आणि व्यापाराला अडथळे आले. त्या वेळी भडोचवर क्षहरात क्षत्रपांचा अंमल होता. पैठणच्या सातवाहनांसाठी नाणेघाटाखालचे कल्याण हा समुद्राकडे जाणारा जवळचा रस्ता. तो अडला, तर प्रतिस्पर्ध्याचे उत्पन्न घटणार आणि जहाजे भडोचला वळणार, हे उघड होते. जहाजे पहाऱ्यात नेण्यामागे हेच राजकारण असावे, असा तर्क मांडला जातो. पैठण आणि तेरचा माल तेव्हा गाड्यांतून, बिकट वाटांनी भडोचला जात होता, अशी नोंद त्याच ग्रंथात आहे.

या संघर्षाचा शेवट कसा झाला?

गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातील बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. नहपानाच्या मूळ नाण्यांवर ग्रीक अक्षरेही होती.

ग्रीक लोक येथून निघून गेले का?

सगळेच नाही. कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या ‘यवन’ दात्यांची नावे कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दिलेल्या पाण्याच्या टाक्यांचा उल्लेख आहे. ‘यवन’ हा शब्द मुळात ग्रीकांसाठी वापरला जाई.

आजच्या काळाशी संबंध काय?

आजही परदेशी माल कोठेही उतरवता येत नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार त्यासाठी बंदर अधिसूचित असावे लागते. मुंबई बंदरावरील ताण कमी करण्यासाठी १९८९ मध्ये सुरू झालेले जेएनपीए याच व्यवस्थेत चालते. कल्याणची खाडी तेव्हाही होती आणि आजही आहे. गेला होता तो व्यापाऱ्यांचा भरवसा. खोल पाणी निसर्ग देतो, पण बंदर टिकते ते राज्यकर्त्यांनी पाळलेल्या शब्दावर.