लोणार-काठच्या तृणसदृश वनस्पतींची ओळख

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. परंतु काठी गोड्या पाण्याचे झरेही मिळतात. म्हणून तेथील वनस्पतींची कुले न ओळखता क्षारतेविषयी काढलेले अनुमान फसवे ठरते. सागरी खाजणांतही हीच अडचण येते.

फुलोरा नसल्यास खोड आडवे कापावे. तृणकुलात ते बहुधा गोल व कांड्यांत पोकळ, पाने दोन रांगांत, पर्णतलाचे आवरण एका बाजूस उकललेले असते. लव्हाळ्याच्या मुस्ताकुलात खोड बहुधा त्रिकोणी व भरीव, पाने तीन रांगांत, आवरण नळीसारखे बंद असते. तथापि आफ्रिकेतील अल्कधर्मी सरोवरांकाठी वाढणाऱ्या सायपरस लेव्हिगेटसचे खोड गोलसर भासते. सबब केवळ खोडाच्या आकारावर विसंबू नये. आवरण अवश्य तपासावे.