जलशाचा प्रेक्षक काय म्हणाला?

नाटकाचा अभिप्राय म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले परीक्षण, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. रत्नागिरीत ती अधिकच पक्की, कारण हे संगीत नाटकाचे गाव. राज्य संगीत नाट्य स्पर्धेची अंतिम फेरी अनेक वर्षे येथील स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात झाली. पद कोणत्या रागात बांधले, तान कुठे निसटली, ऑर्गनची साथ कशी झाली याची चर्चा येथे चहाच्या टपरीवरही ऐकू येते. याच शहरात स्थानबद्ध असताना सावरकरांनी १९२७ साली 'संगीत उःशाप' लिहिले. त्याचा विषय अस्पृश्यता. पण नाटकाचा विषय असणे आणि नाटकाचा प्रेक्षक असणे, यांत फार अंतर असते. या लेखात मला दुसऱ्याविषयी बोलायचे आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली आणि आमच्या वाडीच्या जलशात पेटी वाजवली, गाणी लिहिली, दोन-तीन वगही लिहिले. त्यामुळे जे सांगणार आहे ते बाहेरून पाहिलेले नाही. माझ्या चुका त्यात आहेत.

नाट्यगृहाच्या भिंतीपलीकडे या जिल्ह्याची स्वतःची संगीत रंगभूमी आहे. नमन-खेळे आणि जाखडी ही तिची मुख्य रूपे. नमनात आधी देवदेवतांना नमन, मग गण, गौळण, घुंगरांचा आवाज करीत येणारा संकासूर, आणि उत्तररात्री वग. मृदुंग आणि टाळ यांवर सारी रात्र जाते. जाखडीत गोल धरून नाचणारे गडी, मधे शाहीर आणि ढोलकी. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब. यांना प्रेक्षागृह नसते. सहाण असते, खळे असते. आणि कोण कुठे बसणार हे गाण्यापूर्वीच ठरलेले असे. पुढे खोताची खुर्ची, मग मानकरी, मग बाकीचा गाव. आमची माणसे? ती ढोल वाजवीत असत किंवा वईबाहेर उभी असत. शिमग्यात ढोल बडवणे हे आमच्या वाडवडिलांचे गावकीचे काम होते. त्याला कला म्हणण्याची कुणाची तयारी नव्हती, आमचीही नव्हती.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरोधी बिल मांडले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो कुणबी आणि महार शेतकरी एकत्र येऊन मुंबईत मोर्चाने गेले. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडले. सहाणेवरची खुर्ची मात्र कायद्यासरशी हलली नाही.

ती आमच्यापुरती हलली १९५६ नंतर. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायनांनी अफाट जनसमुदायाला दीक्षा दिली. त्या गर्दीत गिरणीत राबणारे कितीतरी कोकणी चाकरमानी होते. ते गावी परतले आणि वाड्यावाड्यांतून गावकीची कामे सुटत गेली, ढोलही सुटला. नकार हा आमच्या सांस्कृतिक जीवनाचा आरंभ ठरला, यात शंका नाही. पण नकारानंतर रात्र रिकामी उरते. ती जलशाने भरून काढली.

जलसा आम्हाला आयता मिळाला नव्हता. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला आशय बदलला. पुढे १९३१ च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यांचे 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक १९७८ चे. देवाच्या गणाच्या जागी भीमस्तवन आले, गौळणीतली छेडछाड गेली, वगातला राजा जाऊन पाटील, सावकार, शाळेला न जाणारा पोरगा आले. कोकणात या साच्याला आमच्या वाड्यांनी नमनातल्या आणि जाखडीतल्या चाली जोडल्या. नाटक पाहायला शिकलेला प्रेक्षक तयारच होता. त्याला फक्त वईच्या आत घ्यायचे होते.

आता मूळ मुद्दा. हा प्रेक्षक अभिप्राय कसा देतो? बक्षिसाची रीत सर्वांना ठाऊक आहे. गाणे आवडले की माणूस उठतो, शाहिराच्या हातात पाच-दहा रुपये ठेवतो, शाहीर गाण्याच्या मधेच त्याचे नाव आणि वाडी पुकारतो. पण बक्षिसावरून प्रेक्षक मोजणारा फसतो. बक्षीस देणारे बहुधा मुंबईहून आलेले तरुण असतात. बायका उठून बक्षीस देत नाहीत, म्हातारे देत नाहीत. बायका गाण्यात आपसांत बोलू लागल्या की ते गाणे पडले असे समजावे. पोर झोपले तरी आई घरी जात नाही, तो प्रवेश उभा राहिला. आणि खरी मते रात्री कधीच मिळत नाहीत. ती सकाळी पाणवठ्यावर मिळतात.

हे मी शिकलो १९८६ साली. वैशाखी पौर्णिमेला, चाकरमानी गावात असताना, आमच्या खळ्यात मी लिहिलेला वग झाला. विषय १९५७ चा शिमगा. गिरणीतला मुलगा दादरहून दीक्षा घेऊन येतो, बाप ढोल गळ्यात अडकवून सहाणेवर निघालेला. बाप मी दारुडा दाखवला होता, मूठभर तांदळासाठी लाचार. शेवटी मुलगा ढोल हिसकावतो आणि सर्वांसमोर फोडतो. गॅसबत्तीच्या उजेडात आमच्या नटाने ढोलावर पाय दिला तेव्हा तरुणांनी टाळ्यांनी खळे दणाणून सोडले. बक्षिसांची नावे पुकारता पुकारता गाणे थांबले. मी पेटीवर बसून खूश होतो.

सकाळी आमच्या भावकीतली एक म्हातारी काकी हंडा भरताना म्हणाली, "बाला, गाना बरा झाला. पन ढोल कुनी फोडला नाय."

मी म्हटले, "काकी, वगात तसं दाखवावं लागतं."

"तुज्या काकानी ढोल माळ्यावर ठेवला. पुन्ना कदी खाली काडला नाय. पन रातचं वर जाऊन हात लावून बगायचे. फोडला म्हनतस, त्यो कुनाचा?"

हंडा डोक्यावर घेऊन ती गेली. मला तेव्हा रागच आला. गुलामीची खूण जपून ठेवणाऱ्याचे कौतुक का करायचे, असा माझा सवाल होता. मित्रांनीही मला साथ दिली. पण तिचे म्हणणे सौंदर्यशास्त्राचे नव्हतेच. मी खोटे लिहिले, एवढेच ती सांगत होती. तिच्या नवऱ्याने नकार दिला होता, आणि त्या नकाराची किंमत स्वतःच्या हातांनी मोजली होती. माझ्या वगात नकार होता, पण तो फुकटचा होता. ज्याला ढोल वाजवता येत नाही तो ढोल सहज फोडतो.

त्याच सकाळी दुसरा अभिप्राय मिळाला. शेजारच्या कुणबीवाडीतले एक गृहस्थ रात्रभर वईबाहेर उभे राहून वग पाहत होते. आत का आला नाहीत, असे विचारल्यावर म्हणाले, "तुमी बसा म्हनालंच नाय." १९३८ च्या मोर्चावर मी गाणे लिहिले होते, त्यात कुणबी-महार एकीचे कडवे होते. ते कडवे त्यांनी उभ्याने ऐकले.

तेव्हापासून मी एक वही ठेवू लागलो. विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना त्या अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. 'कसे वाटले?' असे विचारू नये. त्याला 'बरा झाला' हेच उत्तर येते. 'काय आठवते?' असे विचारावे. आणि बायकांना पुरुषांसमोर विचारू नये. छापील प्रश्नावली तर काढूच नये, कागद पाहिला की आमची माणसे शाळेतल्यासारखी उत्तरे देतात.

प्रस्थापित समीक्षा प्रेक्षकाला रसिक म्हणते, म्हणजे त्याने रस घ्यावा आणि घरी जावे. विद्रोही रंगभूमीला असा प्रेक्षक पुरणार नाही, हे अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांनीही ओळखले होते. लिरॉय जोन्स, पुढचे अमिरी बराका, यांनी १९६५ साली हार्लेममध्ये नाट्यसंस्था काढली आणि नाटके रस्त्यावर नेली. आपल्याकडे २०१२ साली आलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे अलीकडचे उदाहरण. लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, संकल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचे. नट जालन्याकडच्या खेड्यांतले. त्यातला शाहिरांचा सवाल-जवाब आमच्या जाखडीवाल्याला कुणी समजावून सांगावा लागणार नाही. सवाल-जवाबात न्याय प्रेक्षक करतो, ही त्याची मूळची सवय आहे. पण त्याने काय न्याय केला हे लिहून कोण ठेवणार? आमच्या चळवळीने गाणी छापली, शाहिरांची नावे जपली. ऐकणाऱ्यांचे शब्द मात्र ऐकणाऱ्यांबरोबर चालले आहेत. १९५७ चा शिमगा ज्यांनी जाणतेपणी पाहिला, त्यांतले आता फार थोडे उरले.

पुढच्या वर्षी मी वग बदलला. बाप आता दारुडा नव्हता. तो ढोल माळ्यावर ठेवतो, शिडीवर थांबतो, आणि उतरण्यापूर्वी एकदाच शिमग्याचा ठेका बोटांनी वाजवतो. वगासाठी ढोल हवा होता म्हणून मी काकीकडेच गेलो. तिने तो धुळीसकट काढून दिला. प्रयोगात आमच्या नटाने ठेका वाजवला आणि मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. "असा नाय रे," म्हणत तो सरळ मांडवात आला, नटाच्या हातून काठी घेतली आणि वाजवू लागला. पंधरा-वीस मिनिटे वग थांबला. पडद्यामागची पोरे वैतागली. वईबाहेर या वेळी कुणी उभे नव्हते, कारण निमंत्रण गेले होते. बक्षीस कुणी दिले नाही, टाळ्याही नाहीत. कुणी उठूनही गेले नाही.

सकाळी मी वही घेऊन पाणवठ्यावर थांबलो. काकी आली. वगाविषयी एक अक्षर बोलली नाही. जाताना म्हणाली, "ढोल आनून दे. पाऊस यायच्या आदी. पान भिजला तर वाया जाईल."