मालवण किनाऱ्यावरील मासेमारी आणि आर्थिक विषमता

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार व यांत्रिक नौकांचे मालक यांच्यात समुद्राच्या वापरावरून दीर्घकाळ संघर्ष चालू आहे. आर्थिक विषमतेचा लोकशाहीवर कसा परिणाम होतो, याचे हे एक उदाहरण होय.

पार्श्वभूमी

रापण ही येथील पारंपरिक सामूहिक मासेमारी आहे. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडले जाते, त्याचे दोर अनेक जण किनाऱ्यावरून ओढतात आणि मासळीची वाटणी सहभागी लोकांत होते. पर्ससीन जाळे माशांच्या थव्याभोवती टाकून तळातून आवळले जाते. त्यामुळे बांगडा, तारली यांसारखे थव्याने फिरणारे मासे एकाच खेपेत मोठ्या प्रमाणात मिळतात. मात्र नौका, इंजिन व जाळे यांसाठी मोठे भांडवल लागते. समुद्र सामायिक असल्याने एकाची अधिक पकड दुसऱ्याच्या वाट्याला कात्री लावते.

कायदेशीर चौकट

प्रादेशिक जलक्षेत्रातील, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंतची, मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यापलीकडील केंद्राच्या. राज्याने १९८१ मध्ये महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा केला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढले आणि निवाड्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे गेले.

लोकशाहीवरील परिणाम

राजकीय समता व आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. रापणकर व नौकामालक या दोघांनाही एकच मत असते. परंतु निवडणुकांच्या दरम्यान प्रभाव सारखा राहत नाही. सुनावणीसाठी वा निवेदन देण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी गेलेल्या रापणकराचा दिवसाचा वाटा बुडतो. दंड उत्पन्नाच्या तुलनेत किरकोळ असेल, तर भांडवलदारासाठी तो व्यवसायाचा खर्च ठरतो. अंमलबजावणीसाठी गस्तीनौका व मनुष्यबळ नसेल, तर नियम कागदावरच राहतो.

दुसरीकडे, भांडवल नसलेल्यांकडे संख्याबळ असते. पारंपरिक मच्छीमारांनी संघटना, मोर्चे व न्यायालयीन मार्ग यांद्वारे आपले प्रश्न शासनापुढे मांडले.

हा भेद केवळ श्रीमंत-गरीब असा सरळ नाही. यांत्रिक नौकांवरील खलाशांची उपजीविकाही त्याच व्यवसायावर अवलंबून असते आणि अनेक नौका कर्जावर घेतलेल्या असतात. त्यामुळे निर्बंधांचा भार कोणी सोसावा, हाही लोकशाही निर्णयाचाच प्रश्न ठरतो.