लोणारच्या पाण्यात चिमूटभर हळद

लोणारच्या विवरात उतरताना खिशात हळदीची पुडी होती. काठावरून निघालेली पाऊलवाट झाडीतून वळत वळत खाली जाते आणि पाणी दिसायच्या आधीच वास येतो, नासलेल्या अंड्याचा. चिखलाच्या कडेला बसून बोटं पाण्यात बुडवली. एकमेकांवर घासली तर अंगाचा साबण नीट निघाला नसावा तशी बुळबुळीत लागली. मग वाटीभर पाणी घेतलं आणि त्यात चिमूटभर हळद टाकली. पिवळी हळद बघता बघता विटकरी लाल झाली.

यात जादू काही नाही. हळदीच्या डागावर साबण फिरवला की डाग लाल होतो, हे घरात कपडे धुणाऱ्या कुणालाही माहीत असतं. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तेही याच गुणामुळे. हळदीतलं करक्युमिन अल्कधर्मी पाण्यात रंग बदलतं आणि लोणारच्या तळ्याचा सामू १० च्या आसपास असतो. प्रश्न मिटला.

मिटला म्हणेपर्यंत दुसरा उभा राहिला. इथून वर चढून गेलं की धारेचं पाणी लागतं. ते गोड आहे. झरे गोडे, पाऊस गोडा, मग तळंच खारं कसं? त्याचंही उत्तर आहे. या तळ्याला पाणी यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. काळ्या दगडातून झिरपणारं पाणी सोबत थोडा थोडा सोडा घेऊन येतं. ऊन पाणी उडवून नेतं, सोडा मागे राहतो. हजारो उन्हाळे असे गेले की तळ्याची कढई होते. पण पठारावर कुठेही दिसत नाही अशी ही कढई, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीची आणि काठापासून १३० मीटरहून खोल, बुलढाणा जिल्ह्यातच कुठून आली?

जाणलं की जग उलगडतं की आणखी गूढ होतं, यावर गप्पा कुठेही मारता येतात. लोणारच्या काठावर मात्र त्या दगड हातात घेऊन मारता येतात, कारण इथे उत्तरांची नि प्रश्नांची शेकडो वर्षांची वही उपलब्ध आहे.

आडव्या थरांची गडबड

वहीच्या पहिल्या पानावर अर्थातच लवणासुर आहे. जमिनीखाली दडून बसलेल्या या राक्षसाच्या बिळाचं झाकण विष्णूने उडवलं, त्याला मारलं, त्या जागी तळं झालं. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. विष्णूचं दैत्यसूदन मंदिर आजही गावात उभं आहे. या कथेत पुढच्या विज्ञानाची बीजं शोधायचा मोह आवरलेला बरा. पण खोल खड्डा, खारं पाणी आणि दूर फेकलं गेलेलं काहीतरी, या तीन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे कथा रचणाऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, एवढं नक्की. अकबराच्या काळातल्या आइन-ए-अकबरीत लोणारची नोंद आहे ती वेगळ्या कारणासाठी: साबण आणि काच करायला लागणारा माल इथे मिळतो, म्हणून.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली आणि शास्त्रज्ञांचं लक्ष इकडे वळलं. सगळं दख्खन लाव्हाचं, तेव्हा हा खड्डा ज्वालामुखीचा, असं सरळ गणित मांडलं गेलं. गणितात खोट एकच होती. दख्खनचा लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून जास्त वर्षं झाली आणि या खड्ड्याची कड मात्र अजून धारदार.

आणखी एक गोष्ट काठावर उभं राहिलं की साध्या डोळ्यांनाही दिसते. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला कड्यावरचे थर पाठ असतात: एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखे आडवे. लोणारच्या काठावर हेच थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आतून कुणी जोर लावून कड उचलावी आणि बाहेर मुडपावी, तसे. काही ठिकाणी तर ते पार उलटे झालेत, खालचा दगड वर आणि वरचा खाली.

अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये अॅरिझोनातल्या अशाच एका विवरावर लिहिताना लोणारचा दाखला दिला. अॅरिझोनाचं विवर वाफेच्या स्फोटाने झालं, असा त्यांचा निष्कर्ष होता. जोडी त्यांनी अचूक जुळवली, कुळी मात्र चुकली. ते विवर अशनीच्या आघाताने झालं, हे आज निर्विवाद आहे.

न वितळता झालेली काच

लोणारचा निकाल लागला १९७३ मध्ये. तळ्याच्या तळाला भोकं पाडून खालचा दगड वर काढला गेला होता आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार हा बेसॉल्टमधला नेहमीचा पांढुरका स्फटिक. त्यावर वातावरणाच्या सुमारे तीन लाख पट दाब एका क्षणात आला की तो न वितळताच काच होतो. बाहेरचा आकार स्फटिकाचाच राहतो, कडा जशाच्या तशा, फक्त आतली अणूंची शिस्त मोडलेली असते. घर उभं आणि आतली माणसं पांगलेली, असा प्रकार. ज्वालामुखीला असा दाब देता येत नाही. आकाशातून प्रचंड वेगाने आलेल्या पिंडाला येतो. लोणार हे आघाती विवर ठरलं.

आता या मॅस्केलिनाइटचं मूळ पाहू. हे नाव पडलं १८७२ मध्ये, व्हिएन्नात, आणि ज्या दगडात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं तो दगड २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला आकाशातून पडला होता. हा दगड मंगळावरून आलाय, हे कळायला आणखी शंभरेक वर्षं गेली. मंगळावरही कधीतरी असाच आघात झाला, त्याने तिथला बेसॉल्ट उडवला, तो भटकत भटकत बिहारच्या जमिनीवर उतरला आणि त्याच्या पोटातली काच लोणारच्या पोटातल्या काचेशी जुळली. चंद्राचे नि मंगळाचे खड्डे समजून घेऊ पाहणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात ते यासाठीच. बेसॉल्टमध्ये पडलेली, इतकी नीट टिकलेली आघाती विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत.

‘हा खड्डा कशाचा?’ हा प्रश्न सुटला, तेव्हा लोणार लहान व्हायला हवं होतं. ते थेट मंगळापर्यंत पसरलं.

दोन घड्याळं

आघात झाला हे ठरल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न आला: कधी? लवणासुराच्या काळात या प्रश्नाला अर्थ नव्हता, ज्वालामुखीच्या काळातही फारसा नव्हता. आघात हा एका क्षणाचा मामला असल्याने त्याला तारीख असलीच पाहिजे. इथे खरी पंचाईत सुरू होते.

१९९७ मध्ये लोणारच्या आघाती काचेचं वय तप्तदीप्ती पद्धतीने मोजलं गेलं. आसपासच्या किरणोत्साराने खनिजांत आणि काचेत थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. तापवलं की ती प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते आणि साठा शून्य होतो. आघाताच्या आगीत साठा शून्य झाला, त्यानंतर किती भरला ते मोजलं की वय कळतं. उत्तर आलं ५२ हजार वर्षं, सहा हजार इकडेतिकडे.

२०११ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी आर्गॉनचं घड्याळ लावलं. दगडातल्या पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. दगड वितळला की वायू निसटतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होतं. उत्तर आलं ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडेतिकडे.

चुकीला जागा दोघांनीही ठेवली आहे, तरी दोन आकडे एकमेकांच्या गावालाही जात नाहीत. एक दुसऱ्याच्या दहापटीहून मोठा आहे. कोणतं घड्याळ फसलं असेल? काचेत साठलेली ऊर्जा काळाच्या ओघात थोडी थोडी गळत राहिली, तर पहिलं घड्याळ वय कमी दाखवील. वितळलेल्या दगडातून जुना आर्गॉन पुरता निसटला नसेल, तर कोट्यवधी वर्षांच्या बेसॉल्टचा वारसा सोबत घेऊन दुसरं घड्याळ वय फुगवून सांगेल. विवराची धारदार कड तरुण वयाच्या बाजूने साक्ष देते. पाच लाख पावसाळ्यांनी ती इतकी शाबूत ठेवली असती का, हा प्रश्न रास्त आहे. उलट बाजूचे म्हणतात, कोरड्या हवेत, टणक बेसॉल्टमध्ये, का नाही?

हे गूढ लवणासुराच्या गुढासारखं नाही. तिथे काय माहीत नाही तेच माहीत नव्हतं. इथे भांडण नेमक्या दोन आकड्यांचं आहे आणि कोणता पुरावा मिळाला तर कोण हरेल, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. अज्ञानाला असा पत्ता मिळवून द्यायला दीडशेहून जास्त वर्षांचं ज्ञान खर्ची पडलं.

जून २०२० मध्ये तळं अचानक गुलाबी झालं, तेव्हाही असंच झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि खारेपणात वाढणारे, रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव सापडले. पाणी संथ ठेवलं तर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. रंगाचं कोडं काही आठवड्यांत सुटलं आणि असल्या कढईत सुखाने नांदणाऱ्या जीवांचं कोडं त्याच्या जागी आलं.

परत वर चढलो तेव्हा काठावर शाळेची सहल आली होती. मुलं कठड्याला रेलून खाली बघत होती. एकाने मास्तरांना विचारलं, “सर, हे पडलं तेव्हा कुणी बघितलं असेल का?” मास्तर म्हणाले, “तेव्हा कोण असणार रे? चला, डबे काढा.”

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं नाही. आघात ५२ हजार वर्षांपूर्वीचा असेल, तर आपल्यासारखी माणसं तोवर भारतात पोचली होती, असं बहुतेक संशोधक मानतात. ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा असेल, तर आपली जात जन्मलीच नव्हती. तिचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. पण दख्खन तेव्हाही रिकामं नव्हतं. दगडाच्या हातकुऱ्हाडी घडवणारे कुणी इथल्या नदीकाठांवर वावरत होते.

झाकण कुणी उडवलं, हे पुराणकथेने सांगून टाकलं होतं. ते उडताना कुणी पाहिलं, हे मुलाला हवं होतं. त्याचा साक्षीदार आपल्यासारखा होता, की हातकुऱ्हाड मुठीत धरून आभाळाकडे बघणारा दुसराच कुणी, हे अजून काचेच्या एका तुकड्यातल्या आर्गॉनवर अडलंय.