ओढ्याला पाऊस कसा हवा?

एस. टी.ने पुण्याला आलेली पुष्कळ मंडळी स्वारगेटला उतरतात. तिथून जवळच सारसबाग आहे. तिथल्या गणपतीला लोक ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. पेशवाईत तिथे खरेच मोठे तळे होते. आंबिल ओढ्याचे पाणी अडवून ते केले होते. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो आणि मुठा नदीला मिळतो.

ओढा जगतो पावसावर. पुण्यात वर्षाला सरासरी सुमारे २८ इंच पाऊस पडतो. पण पाऊस किती पडला, एवढेच पाहून भागत नाही. तो कसा पडला, हेही पाहावे लागते.

आम्ही वर्गात मुलांना परातीचे उदाहरण देत असू. पीठ मळताना पाणी थोडे थोडे घातले, तर पीठ ते पिऊन घेते. तांब्या एकदम उपडा केला, तर पाणी परातीबाहेर जाते. जमिनीचेही तसेच. रिमझिम पाऊस मुरतो. तेच पाणी झऱ्यांवाटे हळूहळू ओढ्यात येते. म्हणून पावसाळा सरला तरी ओढा वाहतो. धो धो पाऊस मात्र माती घेऊन पळतो.

पाण्यातले जीवही पावसाची वाट बघतात. मृगात नवे पाणी आले, की कितीतरी मासे धारेच्या उलट वर चढतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. हेच चढणीचे मासे. बेडकी डबक्यात अंडी घालते. तिच्या पिल्लांना पाय फुटायला काही आठवडे लागतात. मध्येच पावसाने दडी मारली, तर डबके आटते आणि पिल्ले मरतात. एकदम लोंढा आला, तर अंडीच वाहून जातात.

अलीकडे हवा तापत चालली आहे. तापलेली हवा जास्त वाफ धरते. त्यामुळे पाऊस पडला, की एकदम कोसळण्याचे प्रकार वाढले आहेत.

यात माणसाचीही सुटका नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री थोड्या तासांत फार पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला पूर आला. भराव आणि बांधकामे यांनी ओढ्याचे पात्र आधीच अरुंद झाले होते. पाणी वस्त्यांत शिरले. कित्येकांचे प्राण गेले.

पाऊस आपल्या हाती नाही. ओढ्याची वाट मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे. शेताचे बांध नीट राखा. काठचे गवत, झाडे तोडू नका. पात्रात भराव नि केरकचरा टाकू नका. चढणीच्या माशांना अंडी घालू द्या. आपल्या गावच्या ओढ्याला त्याची जागा सोडली, तर तो आपल्या घरात येणार नाही.