शेळीला चालतं, म्हणून सशाला?

पाळलेला ससा पिंजऱ्याची फळी कुरतडू लागला, की जळगाव-धुळ्याकडे कुणीतरी हमखास सुचवतं, ‘बांधावरची डहाळी टाका, शेळी खाते तर तोही खाईल.’ सल्ला मायेचा असतो, पण सशाच्या जिवावर बेतू शकतो.

सशाचे दात जन्मभर वाढतात. पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. झिजले नाहीत तर ते वाकून टाळूत किंवा ओठात रुततात आणि चारा समोर असूनही जनावर उपाशी राहतं. दाढाही वाढतच असतात. त्या झिजतात मुख्यतः गवत चघळून, त्यामुळे लाकूड गवताच्या जागी देता येत नाही. लळिंगसारखी कुरणं असलेल्या या मुलखात वाळलेलं मारवेल मिळालं तर उत्तम. कुसळी मात्र नको, तिची कुसळं तोंडात आणि डोळ्यांत रुततात.

आता शेळीचं. सुबाभूळ हा शेळीचा आवडता पाला. त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. हवाई बेटांवरच्या शेळ्या हा पाला खाऊन ठणठणीत राहतात आणि ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना मात्र तोच बाधतो, हे रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं हेरलं. हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटात एक जिवाणू होता. तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात पोहोचवल्यावर त्यांनाही सुबाभूळ सोसू लागली. १९९२मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांच्यावरून ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ हे नाव मिळालं. सशाला कोठीपोटच नाही. त्याचे जिवाणू राहतात लहान आतड्याच्या पुढच्या मोठ्या पिशवीत, म्हणजे अन्नातलं विष रक्तात शोषलं गेल्यानंतरच्या टप्प्यावर. म्हणून सुबाभळीनं सशाचे केस गळतात, प्रकृती ढासळते. शिवाय सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं विष बाहेर टाकायची ती वाटही त्याला बंद आहे.

कण्हेर आणि बिट्टी तर अंगणातसुद्धा सशाच्या वाटेत नकोत. त्यांच्यातली द्रव्यं थेट हृदयावर घाला घालतात आणि फांदी वाळली तरी विष जात नाही. घाणेरी यकृत बिघडवते. खानदेशात सहज हाती लागणाऱ्या कपाशीच्या पऱ्हाट्याही मी देणार नाही: कपाशीत गॉसिपॉल असतं, वर हंगामभराच्या फवारण्या.

मग द्यायचं काय? तुतीची डहाळी माझ्या मते सर्वांत चांगली, पाल्यासकट चालते. पेरूची फांदी, बोराची काटे काढलेली काडी, बांबूचा तुकडाही ठीक. झाड न फवारलेलं असावं, रस्त्याच्या धुरात वाढलेलं नसावं. फांदी धुवावी, बुरशी दिसली तर फेकून द्यावी.

घराचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ससा घरही खातो. सागाला वाळवी लागत नाही ती त्यातल्या क्विनोन द्रव्यांमुळे. सुतारांच्या कातडीला सागाच्या भुशानं खाज सुटते ती त्यांच्यामुळेच. चौकट सागाची करायची तर बाहेरून करावी, आत जाळी मारावी. प्लायवूडच्या थरांमध्ये फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, तेव्हा त्याच्या उघड्या कडा दाताला लागू देऊ नयेत. भंगारातलं पॅलेट घेताना शिक्का पाहावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते दुकानातच सोडावं. तेलाचे डाग असलेलं ‘एचटी’ही नको. खाली अंथरायला देवदाराचा किंवा चीडचा ताजा, वासाचा भुसा टाळावा. अशा भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली विकरं बदलतात, हे एलियट व्हेसेल यांनी १९६७ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं होतं.

आणि मे महिना. जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो, सशाला तिशीच्या पुढेच त्रास सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो. पत्र्याच्या खोक्यात तो भाजून निघेल. जाड लाकडाची, दोन बाजूंनी वारा येणारी पेटी सावलीत ठेवावी, वर ओलं गोणपाट टाकावं. या दिवसांत त्यानं चारा सोडला किंवा लेंड्या पडेनाशा झाल्या, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावं. सशाचं आतडं अर्धा दिवस थंडावलं, तरी तो दगावू शकतो.